खळदकर सर आणि समाधानी जनता

खळदकर सरांइतकं गप्प बसता येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. समोरचा माणूस चुळबुळ करायचा, मान खाजवायचा, "तुमीच सांगा की मास्तर" म्हणायचा. सर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसायचे. चष्म्याशिवाय त्यांना हातभरापलीकडचं धड दिसत नसे आणि हे ते समोरच्याला आधीच सांगून ठेवत. "आपल्याकडे कुणी बघतंय म्हटलं, की माणूस तोंड धुऊन बोलतो," असं त्यांचं म्हणणं.

सत्तर साली मी प्रवरेकाठच्या एका गावात हायस्कुलात हिंदी शिकवायला लागले, तेव्हा सर तिथे नागरिकशास्त्र आणि इतिहास शिकवत होते. उंच, किरकोळ, खादीचा सदरा-पायजमा, सायकलच्या कॅरिअरला बांधलेली छत्री. गाव उसाचं, कालव्याच्या पाण्यावर पोसलेलं. शाळा एका शिक्षणसंस्थेची आणि संस्था आबासाहेबांची. आबासाहेब कारखान्यातही होते, बँकेतही होते आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नाच्या पहिल्या पंगतीलाही होते.

पुण्यातली एक संस्था लोकांची मतं गोळा करीत असे. दिल्लीतलं सरकार कसं चाललंय, त्याची धोरणं पसंत आहेत का, पंतप्रधानांच्या कारभाराबद्दल काय वाटतं, असले प्रश्न. आमच्या जिल्ह्यातलं त्यांचं काम सर सुट्ट्यांमध्ये करत. त्या वेळी हा प्रकार कुणाला माहीत नव्हता. गावात काही जणांना वाटायचं, सर गुप्त पोलिसांचे आहेत. काहींना वाटायचं, कुटुंबनियोजनाचे आहेत. हे दुसरे त्यांना बघून मागच्या दाराने निघून जायचे.

बायका पुरुषमाणसाशी बोलत नाहीत, म्हणून सरांनी मला बरोबर घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यांनी मला तीन गोष्टी बजावल्या. उत्तर मिळेपर्यंत त्या घरचा चहा घ्यायचा नाही, कारण चहा दिला की माणूस पाहुण्याला आवडेल तेच बोलतो. उत्तर ऐकताना मान हलवायची नाही. आणि "सांगता येत नाही" असं कुणी म्हटलं तर त्याला अडाणी समजायचं नाही.

"बाई, तेसुद्धा मतच आहे," सर म्हणाले. "सरकारनं खाली मान घालून ऐकावं असं मत."

संस्थानिकांचे तनखे बंद करावेत का, असा एक प्रश्न त्या वर्षी होता. देवळाली प्रवरेच्या बाजूला एका मळ्यात आम्ही एका म्हाताऱ्याला तो विचारला. तनखा म्हणजे काय, ते सरांनी समजावून सांगितलं.

"म्हंजी काम न्हाई, धंदा न्हाई, आन सरकार घरबसल्या पैसं देतं?"

"तसंच काहीसं."

"मंग बंद करा की. पर पयला आमच्या ग्रामसेवकाचा बंद करा. राजं लई लांब हायती."

मला हसू आवरेना. सरांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी 'बंद करावेत' यावर खूण केली आणि ग्रामसेवकाचं वाक्य समासात जसंच्या तसं लिहून घेतलं. परत येताना सायकल हातात धरून चालता चालता मात्र ते एकदम थांबले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

घरीही त्यांचं तेच. मालतीवहिनी सांगायच्या, "हे मला बघायला आले तेव्हा माझ्या मामांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, मुलगा पसंत आहे का. मी हो म्हटलं. तर हे मामांना म्हणतात, आम्ही सगळे जरा बाहेर बसतो, मग तुम्ही मुलीला एकटीला पुन्हा विचारा. माझ्या आईला वाटलं, मुलाच्या डोक्यात काहीतरी आहे." वहिनी हे सांगत तेव्हा त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा होई. मग लगेच पोळी उलटत म्हणायच्या, "त्यानंतर मात्र विचारलं नाही हो काही. एकदाच काय ते."

सरांचं स्वतःचं मत काय, हे त्यांनी कधी उघड केलं नाही. पण ते लपून राहण्यासारखंही नव्हतं. तरुणपणापासून त्यांची ऊठबस विरोधी पक्षातल्या माणसांत. नगरला एक वकील होते, सरांचे जिवलग मित्र. एकाहत्तरच्या निवडणुकीआधी वकिलांनी त्यांना विचारलं, "काय म्हणतायत तुझे लोक?" सर म्हणाले, "लोक दिल्लीच्या बाईंच्या मागे आहेत. गरिबी हटवणार म्हणतात, ते लोकांना खरं वाटतंय. आपण साफ बुडणार." वकिलांच्या बैठकीत चार कार्यकर्ते होते. त्यांतला एक म्हणाला, "तिकडून किती मिळाले?"

सर तिथून उठले नाहीत, भांडलेही नाहीत. निकाल लागला, सरांनी सांगितलं होतं तसाच लागला. मला वाटलं, आता वकील येतील, चुकलो म्हणतील. वकिलांनी सरांना दिवाळीचं बोलावणंसुद्धा बंद केलं. "माझं खोटं ठरलं असतं तर त्यांनी क्षमा केली असती," सर एवढंच म्हणाले आणि सहावीच्या वह्या तपासायला घेतल्या. त्यांना त्या निकालाने आनंद झाला नव्हता. त्यांनी स्वतःचं मत कुणाला दिलं, हे मला माहीत होतं. तो माणूस पडला होता.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या गावाला कालवा होता, त्यामुळे ऊस वाळला तरी माणसं तरली. पण तालुक्याच्या कोरड्या बाजूला गावंच्या गावं खडी फोडायला बसली होती. रस्त्याकडेला दगडांचे ढीग, ढिगाशेजारी बायका, लुगड्याच्या सावलीत निजवलेली पोरं. दुपारी सुकडी नावाचं सरकारी पौष्टिक पीठ वाटत. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. हजेरी रोज लागायची, पगार मात्र कधी हाती पडेल याचा नेम नव्हता.

अशात एका मंत्र्यांचा दौरा ठरला. दुष्काळी कामं बघायची आणि आमच्या शाळेच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवायची. आबासाहेबांनी सरांना बंगल्यावर बोलावलं. मीही गेले होते, सरांनीच बरोबर नेलं.

"सर, तुम्ही पुण्या-दिल्लीसाठी लोकांची मतं गोळा करता," आबासाहेब म्हणाले. "आपल्या भागासाठी नाही करायची? दुष्काळात सरकार कसं काम करतंय, लोकांना काय वाटतंय, ते शास्त्रीय पद्धतीनं काढा. मी मंत्र्यांपुढं ठेवतो."

"जे येईल ते ठेवाल?"

"मग! त्याशिवाय त्यांना कळणार कसं?"

बंगल्यातून बाहेर पडल्यावर सर इतके भरभर चालत होते, की मला पळावं लागलं. इतकी वर्षं त्यांनी जमवलेली मतं पुण्याला जायची आणि तिथून कुठे जायची, ते देवाला ठाऊक. आज पहिल्यांदा, ज्याच्या हातात काही आहे अशा माणसाने ती मागितली होती. त्यांना आबासाहेब कळत नव्हते असं नाही. पण आकडा एकदा कागदावर नीट मांडला, की कुणालाही तो डावलता येत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. वकिलांच्या अनुभवानंतरही होती.

आणि त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. लोकांना शब्द दिला.

खडीच्या कामावर हौसाबाई नावाची एक बाई होती. चाळिशीची, काळीसावळी, हातोडा चालवताना तोंडाने एक बारीक आवाज काढणारी. आम्ही गेलो तेव्हा मुकादम तिच्या डोक्यावर उभा.

"सरकारचं काम कसं वाटतं?" मी विचारलं.

"समदं ब्येस हाय," तिने मान वर न करता सांगितलं.

सरांनी मुकादमाला गोड बोलून लांब नेलं, हजेरीची काहीतरी माहिती विचारत राहिले. हौसाबाई पाणी प्यायला माठाकडे आली, तशी मीही तिच्या मागे गेले. मी पुन्हा विचारलं आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे गप्प उभी राहिले. ती बराच वेळ पाणी पीत होती.

"पगार न्हाई," ती शेवटी म्हणाली. "मोजमाप कमी धरत्यात. बोललं की हाजरी कापत्यात. माजं बारकं त्या सुकडीनं आजारी पडलं. ह्ये तुमी लिवनार?"

"नाव नाही लिहिणार. एवढंच लिहिणार."

"कुनाला दावनार?"

मी सरांकडे बघितलं. मुकादमाला हजेरीच्या वहीत गुंतवून ते आता जवळ आले होते. "हे मी मंत्र्यांपर्यंत पोचवणार आहे, मावशी," ते म्हणाले. "माझा शब्द."

तिने सरांना नीट न्याहाळलं. मग बाकीच्या बायकांना खुणावलं आणि एकेक बाई माठाकडे पाणी प्यायला यायला लागली.

पुरुषांसाठी सर घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला गेले. तिथे मी नव्हते, त्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं. चारा नसल्याने लोक मिळेल त्या भावाने बैल काढत होते. भर बाजारात कुणी सरकारबद्दल तोंड उघडेना. तिथले एक दलाल, लालाभाई, सरांच्या ओळखीचे होते. जनावरांचा सौदा तिथे रुमालाखाली होतो. दोघे रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. सरांनी लालाभाईंचा रुमाल मागून घेतला. एक बोट दाबलं तर सरकारचं काम पसंत, दोन दाबली तर नापसंत, तीन म्हणजे सांगता येत नाही. लोकांना ही तऱ्हा एकदम पटली. दिवसभर रांग लागली.

"एक म्हातारा होता, बाई," सर म्हणाले. "बैल नुकताच विकलेला, दावं खांद्यावर. त्यानं एक नाही, दोन नाही, माझा अख्खा हात धरला आणि सोडेचना. मी म्हटलं, बाबा, किती बोटं? तर नुसता दाबत राहिला. चेहरा इकडे बाजाराकडे, जसं काही घडतच नाही." सरांनी तक्त्याची वही माझ्यापुढे केली. "हे कुठल्या रकान्यात लिहायचं?"

मी म्हटलं, नापसंत. ते म्हणाले, "नाही. त्यानं दोन बोटं दाबली नाहीत." त्यांनी तो म्हातारा मोजलाच नाही. इतके ते काटेकोर होते.

सगळं जुळवून झालं, तेव्हा नापसंतीचा रकाना इतर दोन्ही मिळून भरतील त्यापेक्षा मोठा होता. सरांनी स्वच्छ अक्षरात एकपानी तक्ता केला आणि आबासाहेबांच्या हातात नेऊन दिला. आबासाहेबांनी तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "फार कष्ट घेतलेत सर."

कार्यक्रम शाळेच्या पटांगणावर झाला. मांडव मोठा आणि गर्दी कमी दिसू नये म्हणून खडीच्या कामावरची माणसं ट्रकांतून आणली होती. त्यांत हौसाबाई होती. सरांना व्यासपीठावर दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. खाली शिक्षकांच्या ओळीत मालतीवहिनी माझ्या शेजारी, ठेवणीतलं पातळ नेसून.

आबासाहेब बोलायला उभे राहिले. दुष्काळ, सरकारची तत्परता, कारखान्याची मदत असं सगळं झालं. मग म्हणाले, "आम्ही नुसतं बोलत नाही. आमच्या खळदकर सरांनी गावोगाव हिंडून शास्त्रीय पद्धतीनं जनमत घेतलेलं आहे." खिशातून घडी काढली आणि तक्ता वाचायला लागले. बहुसंख्य जनता सरकारच्या कामावर समाधानी. थोडे नाराज. काहींना सांगता येत नाही.

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. सर मला नंतर म्हणाले, "आकडे माझेच होते, बाई. एकही खोटा नव्हता. फक्त रकान्यांवरचे दोन शब्द, पसंत आणि नापसंत, इकडचे तिकडे केले होते."

व्यासपीठावर सर उभे राहिले. बोलण्यासाठीच उभे राहिले, तोंड उघडलेलं मी पाहिलं. पण त्याच क्षणी आबासाहेबांनी हात केला, कुणीतरी पुढे झालं आणि त्यांच्या गळ्यात हार पडला. मंत्र्यांनी त्यांचा हात हातात घेतला. फोटो निघाला. मांडवभर टाळ्या झाल्या. ध्वनिक्षेपकावर लगेच पुढच्या माणसाचं नाव आलं. सर उभे ते उभेच राहिले, मग कुणीतरी सदरा धरून त्यांना खाली बसवलं. आयुष्यभर ज्या माणसाने समोरच्याला बोलायला वेळ दिला, त्याला स्वतःला एका वाक्यापुरतीही फुरसत मिळाली नाही.

मांडव सुटल्यावर आम्ही फाटकाशी उभ्या होतो. खडीवरची माणसं ट्रककडे चालली होती. हौसाबाई आमच्यासमोर थांबली.

"मास्तर कुठं हायती?"

"येतील आत्ता."

"सांगा त्यास्नी, पोचलं म्हनावं. उलटं हून का हुईना, पर पोचलं." आणि ती ट्रकमध्ये चढली.

नगरच्या एका साप्ताहिकात फोटोसकट बातमी आली. खडीवरच्या बाया पगारासाठी मामलेदार कचेरीवर गेल्या, तेव्हा तिथल्या साहेबांनी तेच साप्ताहिक त्यांच्यापुढे धरलं. तुमच्याच मास्तरांनी सांगितलंय, तुमची तक्रार नाही. झालं. बाया परत येऊन दगडांपुढे बसल्या.

सरांनी काय केलं नाही? त्या साप्ताहिकाला खुलासा पाठवला, तो छापला गेला नाही. आबासाहेबांकडे गेले. आबासाहेब हसले. "सर, मंत्र्यांपुढं नाराजी ठेवली असती तर कामं बंद केली असती त्यांनी. मग काय खाल्लं असतं लोकांनी? तुमच्यामुळं इमारतीचा पैसा मंजूर झाला." पुण्याच्या संस्थेने ती बातमी वाचून कळवलं की राजकीय माणसासाठी काम करणारा मनुष्य त्यांना चालत नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी तसंच कळवलं असतं, असं सर म्हणाले. त्याचं मला आजही नवल वाटतं.

मग सर सायकल घेऊन गावोगाव निघाले. ज्यांना विचारलं होतं त्या प्रत्येकाला जाऊन सांगायचं, मी असं लिहिलं नव्हतं. खडीच्या कामावर मी त्यांच्याबरोबर गेले. मुकादम त्या दिवशी आसपास नव्हता. सर हौसाबाईपुढे उकिडवे बसले, झाला प्रकार सांगितला, क्षमा मागितली आणि म्हणाले, "मावशी, तुमचं म्हणणं मला पुन्हा सांगा. मी स्वतः कलेक्टरांकडे नेतो."

सरांनी चष्मा काढला. पुसला. थांबले. हौसाबाईचा हातोडा चालूच होता.

"समदं ब्येस हाय मास्तर," ती म्हणाली.

आवाज तोच होता, जो तिने पहिल्या दिवशी मुकादमासाठी काढला होता. शेजारच्या बायांनीही तेच सांगितलं. कुणी रागावलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. एकीने तर चहा घेता का विचारलं. सर चष्मा हातात धरून बसून राहिले. शेवटी मीच म्हटलं, "सर, चला."

आबासाहेबांनी त्यांना पर्यवेक्षक केलं. पगार वाढणार होता. सरांनी ती जागा नको म्हणून लिहून दिलं. संस्थेने महिन्याच्या आत त्यांची बदली पाथर्डीकडच्या डोंगराखालच्या एका शाखेत केली, जिथे प्यायला टँकरचं पाणी होतं. सामान बांधायला मी गेले होते. मालतीवहिनी भांडी पोत्यात भरत होत्या. सर बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होते.

"जागा नको म्हणून लिहून दिलं, ते मला शिपायाकडून कळलं," वहिनी म्हणाल्या. "विचारलं असतं तरी मी नकोच म्हटलं असतं हो. पण विचारायचं तर."

त्यांनी एक पातेलं पोत्यात इतकं जोरात टाकलं, की ते चेमटलं.

पुढच्या वर्षीच्या परीक्षांना माझी नेमणूक त्याच बाजूच्या केंद्रावर आली. पेपर संपल्यावर मी सरांचं घर शोधत गेले. वहिनी एकट्याच होत्या, बारीक झालेल्या. सर कसे आहेत, विचारलं. "शाळेत जातात, येतात," त्या म्हणाल्या. "नागरिकशास्त्र नको म्हणाले, भूगोल घेतलाय. कुणी काही बोललं की हो म्हणतात. परवा घरमालक म्हणाला भाडं वाढवतो, तर म्हणाले बरं. मीठ कमी पडलं तरी बरं. भांडतसुद्धा नाहीत माझ्याशी. बाजारात गेलेत, वाटेत दिसतील."

दिसले. बाजारतळाच्या कडेला, एसटी थांबायची त्याच्या अलीकडे. केस पार पिकले होते. हातात कापडी पिशवी, तिच्यातून पातीच्या कांद्याची जुडी बाहेर आलेली. गावचा कुणी पुढारी दिसणारा माणूस त्यांच्याशी बोलत होता, हातवारे करून काहीतरी सांगत होता, आणि सर ऐकत उभे होते. त्या माणसाने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि तो निघून गेला. सर तिथेच थोडा वेळ घुटमळले. मी वीसएक पावलांवर होते.

हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली असती तर "कसे आहात सर?" असं विचारावं लागलं असतं. ते "मजेत आहे" म्हणाले असते, आणि मला ते ऐकून घेऊन एसटीत बसावं लागलं असतं. मी रसाच्या गाडीआड सरकले. ते पिशवी या हातातून त्या हातात घेत, माझ्या अंगावरून, मला न बघता, घराकडे निघून गेले.